सव्वा महिना संपल्यानंतर

घरात मूल जन्माला आले की पहिले चाळीस दिवस बाळंतीण ही त्या घरातील सर्वांत जपलेली व्यक्ती असते. तिच्या खाटेखाली शेगडी येते, ओवा आणि बाळंतशेपा यांच्या धुरीने खोली भरून जाते, रोज अंगाला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालणारी बाई ठरवली जाते, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर वेळच्या वेळी पुढ्यात येते. ती खिडकीशी उभी राहिली तर आईला खपत नाही. ‘अगं, वारा लागेल, अंगात वात धरेल,’ असे म्हणून तिला पुन्हा पांघरुणात घातले जाते. मग सव्वा महिना पुरा होतो. बाळ-बाळंतिणीला देवळात नेऊन आणतात, आणि त्या दिवसापासून ती एकाएकी पूर्वीसारखी धडधाकट स्त्री ठरते. एकोणचाळिसाव्या दिवशी जिला पाण्याचा तांब्याही उचलू दिला जात नव्हता, तिने एकेचाळिसाव्या दिवशी भरलेली बादली उचलली तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

या जुन्या रीतीच्या शेजारी अलीकडे दुसरी एक रीत येऊन बसली आहे. मोबाइलच्या पडद्यावर एखादी नटी प्रसूतीनंतर दोन महिन्यांत सपाट पोटाने छायाचित्रात उभी असते, आणि तिच्या खालीच ‘सहा आठवड्यांत पूर्वीचा बांधा’ मिळवून देणारी जाहिरात असते. भेटायला येणारी वहिनी बाळाचे नाव विचारण्याआधी आईच्या पोटाकडे पाहते. कचेरीत परतलेल्या स्त्रीला मैत्रिणी प्रेमाने सुचवतात, ‘आता जरा मनावर घे.’ ती मनावर घेते, आणि सहा महिने न हललेल्या शरीराला एका सकाळी दोरीवरच्या उड्या, कपालभाती आणि बारा सूर्यनमस्कार यांना जुंपते.

या दोन्ही रीती परस्परविरोधी दिसतात. पण त्यांची चूक एकच आहे. दोघींनाही एक तारीख हवी असते. त्या तारखेपूर्वी काहीच करायचे नाही आणि तिच्यानंतर सगळे करायचे, असा दोघींचा हिशेब. प्रसूतीनंतरच्या शरीराविषयी आज वैद्यकाला जे ठाऊक आहे ते पाहिले तर व्यायाम आजी सांगते त्याच्या पुष्कळ आधी सुरू करावा, आणि व्यायामशाळेतला शिक्षक सांगतो त्यापेक्षा पुष्कळ सावकाश वाढवावा, असेच म्हणावे लागते.

सावकाश का, हे समजण्यासाठी शरीरात काय घडलेले असते ते पाहायला हवे. पोटाच्या पुढच्या भिंतीत बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू एकमेकांना लागून असतात. गर्भ वाढू लागला की त्यांना जोडणारी मधली पट्टी ताणली जाते आणि ते दोन बाजूंना सरकतात. हा रोग नव्हे. वाढत्या गर्भाला जागा करून देण्याची ती निसर्गाची सोय आहे. परंतु ही सोय प्रसूतीबरोबर आवरली जात नाही. नॉर्वेमध्ये प्रथमच माता होणाऱ्या ३०० स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी त्यांपैकी ६० टक्के स्त्रियांत ही फट होती, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्क्यांत आणि वर्षाने जवळजवळ ३३ टक्क्यांत. म्हणजे सव्वा महिन्यानंतर ज्या स्त्रीला आपले पोट अजून सैल वाटते ती आळशी नसते, अपवादही नसते. ती बहुसंख्यांपैकी एक असते. ज्यांची फट राहिली त्यांना कंबरदुखी इतरांहून अधिक झाली असेही त्या पाहणीत आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण या फटीची भीती घालून पट्टे आणि मलमे विकणारा बाजार आता आपल्याकडेही उभा राहिला आहे.

पोट निदान आरशात दिसते. त्याच्या खाली जे आहे ते दिसत नाही, आणि त्याविषयी बोललेही जात नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, झोळीसारखे पसरलेले स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग यांचा भार हीच झोळी पेलते, आणि मूत्रमार्ग व गुदद्वार आवळून धरण्याचे कामही तीच करते. नऊ महिने वाढता भार तिच्यावर असतो; नैसर्गिक प्रसूतीत तर तिला आपल्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणून मुलाला वाट द्यावी लागते. या ताणातून ती बहुधा सावरते, पण त्याला महिने लागतात. तोवर खोकल्यावर, शिंकल्यावर, खळखळून हसल्यावर लघवीचे दोन थेंब निसटतात. जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना हा त्रास होतो. काहींना खाली जडपणा वाटतो, काहीतरी उतरल्यासारखे वाटते; आपल्या आज्या ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणत त्याची ती सुरुवात असू शकते.

‘बाईच्या जातीला हे असायचेच,’ या एका वाक्यावर आपल्याकडे या सगळ्याची बोळवण होते. ते खरे नाही. लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या स्नायूंना व्यायामाने पुन्हा बळ आणता येते हे मांडले. तेव्हापासून या उपायाची पारख अनेक देशांत झाली आहे, आणि लघवी निसटण्याच्या त्रासावर तो आज पहिला उपाय मानला जातो. त्याला उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही, वेगळे कपडे लागत नाहीत. वारा सरू नये म्हणून माणूस जसे आतून आवळून धरतो तसे आवळायचे, काही क्षण धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना धार अडवून हा व्यायाम करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मात्र नेहमीसाठी पाळू नये. मूत्राशय पुरते रिकामे न होण्याची त्यात भीती असते. नीट जमते की नाही याची शंका असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावे, कारण आवळण्याऐवजी खाली जोर देणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ असतात आणि त्यांचा त्रास व्यायामाने वाढतो.

आता आजीचा पक्ष. बाळंतिणीच्या पोटाला तेल-तूप लावून ते मोठ्या वस्त्राने वेष्टावे, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. रिकाम्या झालेल्या पोटात वायू शिरून विकृती करू नये, हे त्याचे कारण दिले आहे. आपल्या घराघरांत पोट बांधण्याची जी पद्धत आहे तिची परंपरा इतकी जुनी आहे. आजचे शास्त्र वायूची भाषा बोलत नाही. परंतु बांधलेल्या पोटाला आधार मिळतो आणि विशेषतः सिझेरियननंतर उठताना-बसताना वेदना कमी जाणवतात, हे ते मान्य करते. ते एवढेच पुढे सांगते की पट्टा स्नायूंचे काम करतो, स्नायूंना काम शिकवत नाही. आणि फार करकचून बांधल्यास पोटातला दाब खाली, त्या आधीच थकलेल्या झोळीवर जातो. विश्रांती, पौष्टिक अन्न, तेल लावणाऱ्या अनुभवी हाताचा स्पर्श आणि चाळीस दिवस घरकामातून सुटका, या देणग्या तर कोणत्याही इस्पितळाला देता येणार नाहीत. बंद खोलीतील धूर मात्र ना आईच्या हिताचा, ना चार दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांच्या.

त्या परंपरेत खरोखर घातक काही असेल तर ते निश्चल पडून राहणे होय. आणि ही केवळ आपलीच खोड होती असेही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि युरोपातील इस्पितळे बाळंतिणीला दहा-दहा दिवस पलंगावरून खाली उतरू देत नसत. १९४० च्या दशकात, युद्धकाळात खाटा आणि परिचारिका यांची टंचाई झाली तेव्हा स्त्रियांना लवकर उठवण्यात येऊ लागले, आणि लवकर उठलेल्या स्त्रियांची प्रकृती अधिक चांगली राहते हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. गर्भारपणात आणि प्रसूतीनंतर रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांत अधिक असतो. पाय हलते ठेवणे हा त्यावरचा साधा प्रतिबंध आहे. म्हणूनच आज सिझेरियन झालेल्या स्त्रीलाही बहुधा चोवीस तासांच्या आत उभे केले जाते. तिची आई दाराशी डोळे पुसत असते; पण परिचारिकेचे म्हणणे बरोबर असते.

तेव्हा व्यायामाचा आरंभ इस्पितळातच होतो. घोटे वर-खाली करणे, पोटापर्यंत खोल श्वास घेणे, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणे, खोलीतल्या खोलीत चालणे. प्रसूती सरळ झाली असेल आणि मूत्रनळी काढलेली असेल तर ओटीपोटाच्या तळाचे हलके आकुंचनही पहिल्या काही दिवसांत सुरू करता येते. टाके दुखत असतील तर थांबावे. घरी आल्यावर दहा मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर चालावे. आठवड्यागणिक थोडे वाढवावे. चालणे जास्त झाले की नाही हे सांगणारी खूण शरीर स्वतःच देते. अंगावरून जाणे कमी होत आले असताना चालल्यानंतर ते पुन्हा वाढले वा पुन्हा लालभडक झाले, तर आदल्या दिवशीचा पल्ला जास्त झाला असे समजून दोन दिवस विसावावे. कपड्याच्या घड्या भिजाव्यात इतके रक्त जाऊ लागले तर विसावा पुरेसा नाही, डॉक्टरांकडेच जावे.

सहाव्या आठवड्याची तपासणी आपल्याकडे होते ती बहुधा बाळाच्या लसीच्या निमित्ताने. त्या वेळी आईने स्वतःला दाखवून घेतले आणि सारे ठीक निघाले, तर व्यायामाची पुढची पायरी चढावी: भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून उठबस, पाठीवर पडून गुडघे दुमडून कंबर उचलणे. पोटासाठी काही करताना एक परीक्षा लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाठीवर पडून उशीवरून डोके किंचित उचलावे आणि पोटाकडे पाहावे. मधोमध उभा उंचवटा, घराच्या छपराच्या आढ्यासारखा वर आला, तर ते पोट अजून त्या व्यायामाला तयार नाही. डोके-खांदे उचलून बसण्याचे व्यायाम, दोन्ही पाय एकदम उचलणे, पूर्ण नौकासन हे सारे तोवर लांबणीवर टाकावे. कपालभातीविषयी तर अधिकच सांभाळावे. पोट आत घेण्याचा तो रामबाण मार्ग म्हणून घरोघर सांगितला जातो. परंतु पोटाच्या त्या झटक्यांचा दाब खालच्या झोळीवर येतो, आणि लघवी निसटणाऱ्या स्त्रीने तो करणे म्हणजे गळक्या भांड्याला ठोके देणे होय. योगाचा उपहास करण्याचा येथे हेतू नाही. श्वसन, शवासन, मार्जारासनासारखी मृदू आसने यांना आरंभापासूनच स्थान आहे. सूर्यनमस्कारही करावेत, पण काही महिन्यांनी, आणि एकदम बारा नव्हेत.

धावणे आणि उड्या यांची पाळी शेवटी येते. या विषयावर काम करणाऱ्या ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली जी मार्गदर्शिका सिद्ध केली तिच्यात बारा आठवड्यांपूर्वी धावू नये, आणि त्यानंतरही लघवी निसटत नसेल, खाली जडपणा नसेल, वेदना नसेल तरच धावावे, असे सांगितले आहे. बारा आठवडे ही किमान मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे. अनेकींना सहा महिने लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली गर्भवती व प्रसूत स्त्रियांनीही आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे म्हटले, तेव्हा काहींना ते अतिरेकी वाटले. पण झपझप चालणे हाही तो व्यायामच आहे, आणि टप्प्याटप्प्याने तेथे पोचावे असेच त्या शिफारशीत अभिप्रेत आहे.

खेळाडू स्त्रियांची उदाहरणे या संदर्भात वारंवार दिली जातात आणि बहुधा अर्धवट दिली जातात. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ हिला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली, हे सर्वांना सांगता येते. प्रसूतीनंतर तिने फार लवकर सराव सुरू केला आणि ताणामुळे तिच्या कमरेच्या तळच्या हाडाला बारीक चीर गेली, त्यामुळे मध्ये तिला थांबावे लागले, हे कोणी सांगत नाही. सानिया मिर्झा हिला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. ती पुन्हा स्पर्धेत उतरली आणि होबार्ट येथे दुहेरीचे विजेतेपद मिळवले ते जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाने. जिच्या दिमतीला प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट असतात त्या खेळाडूला सव्वा वर्ष लागते. जिच्या दिमतीला रात्री तीनदा उठणारे बाळ असते, तिने सहा आठवड्यांत ‘पूर्वीसारखे’ व्हावे अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर धरतो?

आपल्या राज्यातील स्थितीत दोन गोष्टींचा वेगळा विचार आवश्यक आहे. पहिली सिझेरियनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रसूतींपैकी २५.४ टक्के, म्हणजे चारांतली एक, शस्त्रक्रियेने झाली होती. आपण तिला ‘सिझर झाले’ असे इतक्या सहजपणे म्हणतो की पोटाची भिंत थराथराने उघडून पुन्हा शिवलेली आहे याचा विसर पडतो. कातडीवरचा टाका दहा-बारा दिवसांत भरलेला दिसतो. आतल्या बळकट पडद्याला मूळ ताकदीजवळ यायला महिने लागतात. म्हणून पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये हा डॉक्टरांचा सल्ला घरातील सर्वांनी ऐकावा असा आहे, केवळ बाळंतिणीने नव्हे. आणि सिझेरियन झाले म्हणजे खालच्या स्नायूंना व्यायामाची गरज नाही, ही समजूतही चुकीची आहे. नऊ महिन्यांचा भार त्यांनीही वाहिलेलाच असतो.

दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. प्रसूतीतील रक्तस्रावानंतर त्यांची स्थिती काय होत असेल याची कल्पना करावी. दोन जिने चढून जिला धाप लागते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, तिला व्यायाम सांगण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहिले पाहिजे, आणि इस्पितळातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या पंधरा दिवसांत बंद झाल्या नाहीत ना, हे विचारले पाहिजे. येथे आणखी एक सावधगिरी सांगून ठेवावी लागते. एकाच पोटरीत दुखणे व सूज, छातीत कळ, बसल्या जागी धाप, असह्य डोकेदुखी आणि नजर धूसर होणे, ताप, या तक्रारी असल्या तर व्यायामाचा विचारही बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून वाट पाहण्याचे ते प्रसंग नव्हेत.

व्यायामाने दूध आटते किंवा नासते, ही शंका तर जवळजवळ प्रत्येक घरात निघते. तिचे उत्तर १९९४ सालीच मिळाले आहे. अमेरिकेत अंगावर पाजणाऱ्या मातांच्या एका गटाला प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांपासून बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज ४५ मिनिटे व्यायाम देण्यात आला. त्यांच्या दुधाचे प्रमाण व घटक व्यायाम न करणाऱ्या मातांसारखेच राहिले. बाळाला पाजून मग व्यायाम केला की आईलाही हलके वाटते, एवढेच पथ्य. वजन उतरवण्यासाठी जेवण तोडणाऱ्या आईला मात्र रोखले पाहिजे.

येथवरचे सारे ज्ञान असूनही ते वापरता येत नाही, याचे कारण अगदी घरगुती आहे. त्या वीस मिनिटांत बाळाला कोण घेणार? माहेरी असेपर्यंत आई असते. सासरी परतल्यावर, दोन खोल्यांच्या जागेत, सकाळी साडेसातची गाडी पकडणाऱ्या नवऱ्याबरोबर, ही वीस मिनिटे उगवतच नाहीत. नवऱ्याने ‘मदत’ करावी असे म्हणण्याची पद्धत आहे. पण जे मूल त्याचेही आहे त्याला घेणे ही मदत कशी ठरते, हे कोडे आहे. पाण्याची बादली, गॅसची टाकी, रेशनची पिशवी या वस्तू पहिले सहा महिने त्याने उचलल्या तर त्याच्या पत्नीच्या प्रकृतीवर त्याचा उपकार कोणत्याही टॉनिकाहून अधिक होईल.

नोकरदार स्त्रीची पुढची अडचण रजा संपल्यावर सुरू होते. राज्य शासनाच्या सेवेत १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी मोलाच्या आहेत. पण शाळेत परतलेल्या शिक्षिकेला ओळीने चार तास उभे राहून शिकवावे लागते, आणि मधल्या सुट्टीत दोनशे मुलींसाठी असलेल्या त्याच दोन स्वच्छतागृहांपुढे ओळ असते. मग ती पाणीच पीत नाही. कमी पाण्याने मूत्रमार्गाला जळजळ सुरू होते, बद्धकोष्ठ होते, आणि कुंथण्याने खालच्या स्नायूंवर पुन्हा ताण येतो. प्रार्थनेच्या वेळी शिंक आली की ती पाय आवळून उभी राहते आणि शेजारची शिक्षिका ते ओळखून नजर दुसरीकडे वळवते, कारण तीही तेच करीत असते. दोघी आपसांतही त्याविषयी बोलत नाहीत.

आणि ज्यांच्या वाट्याला सव्वा महिनाही येत नाही त्यांचे काय? बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत स्त्रीची प्रसूती हंगामात आली तर ती कोपीत होते. मजुरी टनावर मिळते आणि कामाचा खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. अशी स्त्री थोड्याच दिवसांत फडावर जाते आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. व्यायामशाळेत जिला वर्षभर उचलू नये असे सांगतील तेवढे वजन ती दिवसभर वाहते. या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके बोलले जाऊ लागले की २०१९ साली शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे होती. परंतु प्रसूतीनंतर न मिळालेली विश्रांती आणि न विचारलेली दुखणी त्या यादीतून वगळता येणार नाहीत. तिला व्यायामाचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा होईल. तिला हवी आहे ती खाडा न पडणारी भरपगारी विश्रांती.

न विचारलेली दुखणी किती असतात याचा हिशेब महाराष्ट्रातच झालेला आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. पुढे त्याच गडचिरोलीत घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत बंग दांपत्याने सिद्ध केली, तिच्या धर्तीवर आज देशभर ‘आशा’ स्वयंसेविका बाळंतिणीच्या घरी जातात. इस्पितळात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी ठरलेल्या आहेत. त्यानंतर बाळासाठी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच भेटी आहेत.

या पुढच्या पाच भेटींत बाळाचे वजन, आहार, लसीकरण, खेळणे-बोलणे यांची चौकशी होते. जिच्या मांडीवर ते बाळ असते तिच्याविषयी त्याच पत्रकात दोन प्रश्न वाढवण्यास नवी योजना लागत नाही की नवे पद लागत नाही: खोकताना लघवी निसटते का, आणि खाली जडपणा वाटतो का. उत्तर ‘होय’ आले तर तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस बसणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्यावी. फ्रान्समध्ये प्रसूत स्त्रीला या स्नायूंच्या पुनर्शिक्षणासाठी दहा बैठकांचा खर्च सामाजिक विम्यातून मिळतो. आपल्याला दहा परवडणार नाहीत, दोन परवडतील. ‘आशा’ला या दोन प्रश्नांसाठी आणि आवळण्या-सोडण्याचा तो साधा व्यायाम शिकवण्यासाठी एका दिवसाचे प्रशिक्षण पुरे, आणि अर्थात या जादा कामाचा जादा मोबदलाही तिला मिळाला पाहिजे, तीही बहुधा कोणाची तरी आई असते आणि दिवसभर पायी हिंडत असते.